पिंपभर हिरवं

नाही, पण तुम्हीच सांगा, घाण पाणी मागायला कुणाला लाज वाटेल का? मला वाटली! आधीच मी चारचौघांत तोंड उघडत नाही, त्यात विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग घेतला शेवाळाचा... शेवाळ घाण खातं, पाणी निवळतं, शिवाय वाळलेल्या शेवाळातून जळणाचं तेल निघतं! पण त्या दुष्काळात आमच्या उदगीरला नळ यायचा पंधरा दिवसांनी. घाण पाणी देतं कोण? शेजारच्या नागुबाई म्हणाल्या, "धुण्याचं पानी? लई शानी हायेस! त्याच्यावर माझा संडास चालतो!" घाण पाणीसुद्धा मागून मिळत नाही, तुम्हाला सांगते!

शेवटी खानावळवाल्या रेवणप्पामामांनी भांडी घासलेलं पाणी दिलं. पिंप उन्हात ठेवलं, रोज ढवळलं, आणि वीस दिवसांत असं हिरवं झालं, असं हिरवं... अख्ख्या गल्लीत तेवढंच हिरवं होतं!

आणि आला टँकर! हॉर्न वाजल्यावर आमच्याकडे कुणी पिंपात डोकावतं का? आमच्या शिवमूर्तीकाकांनी माझं पिंप उचललं, ओतलं, खंगाळलं, लावलं पाइपाखाली! मी "काकाऽऽ!" म्हणून ओरडले... मनातल्या मनात.

"कशाला रडायलीस? फेकलं न्हाई!" काका म्हणाले. "दुष्काळात पानी फेकीन का मी? नागुबाईच्या अंगणातल्या संडासाच्या पिंपात वतलं."

प्रदर्शन दहा दिवसांवर, आणि माझा प्रयोग संडासात! आता तो परत मागायचा कसा? घाण पाणीसुद्धा मागून मिळत नाही, सांगितलं ना! चार दिवस मी नुसती त्यांच्या दारावरून गेले. पाचव्या दिवशी नागुबाईच कडाडल्या, "ए पोरी! माझ्या पिंपाचा वास कुठं गेला गं?"

वास गेला होता! शेवाळ दुप्पट माजलं होतं! नागुबाईंनीच फडकं दिलं, त्यातून गाळलं, वाळवलं, शाळेत मॅडमनी तेल काढून दिलं... वात भिजेल एवढं. परीक्षक हसले, "एवढ्यावर काय चालणार?" आणि मी, मी चक्क बोलले! "सर, दिवा चालतो. बघा." दिवा नऊ मिनिटं जळला, आणि नऊ मिनिटं मी थांबलेच नाही. तालुक्यात पहिला नंबर!

आता लातूरला जिल्ह्याचं प्रदर्शन. बादली घेऊन खानावळीच्या मागच्या दारी गेले, तर ही बायकांची रांग! घरोघरी हिरवी पिंपं झालीत हो! सगळ्यांत पुढं नागुबाई. म्हणाल्या, "मधी घुसू नको गं, नंबर लाव."

लावला. तालुक्यात पहिली आलेली मी, घाण पाण्याला सतरावी.