एक फेरी मारून बाजूला

हॅलो? …कोण? …वैष्णवी? अगं, हा नंबर कुणाचा? …राखीचा? राखी म्हणजे ती बदली खेळाडू? ती कशाला देते फोन एवढ्या प्रेमानं? …बरं, बरं. मम्मीच बोलतेय, दुसरं कोण असणार.

हो, बघितली ना. पॅकहाऊसमधल्या सगळ्या बाया बघत होत्या. डाळिंबाचे क्रेट बाजूला सारले, मोबाईल वजनकाट्याला टेकवला… हो, तीच, तुझी सायकलची टीम स्प्रिंट. आता खरं सांग. तुला बाजूला कुणी काढलं?

काढलं नाय कसं? तिघी निघाल्या. सगळ्यात पुढं तू, मागं त्या दोघी. पहिली फेरी झाली न् झाली, तू गेलीस वर कठड्याकडं, आणि त्या दोघी सुसाट पुढं. लताबाई म्हणाली, चेन पडली. मी म्हटलं, चेन नाय, पोरीला पाडलं.

…थांब, सावकाश. पहिलीनं एक फेरी, दुसरीनं दोन, तिसरीनं तीन. हं. पहिलीनं वारा अंगावर घ्यायचा, मागच्या दोघींना वाट करून द्यायची आणि निघून जायचं. …हे कुठं छापलंय का नुसतं तोंडी? …नाय, विचारते आपली. घरी होतीस तर पिंपळगाव ते नाशिक जाऊन येऊन साठ किलोमीटर मारायचीस. एवढं विमानानं नेलं ते अडीचशे मीटरसाठी?

…आणि पदक तिघींना सारखंच? …म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड हाय.

बरं, नाय बोलत. कांस्यपदकाची शर्यत किती वाजता? …दोन तासांनी. मग आत्ता फोन कसा काय? शर्यतीच्या दिवशी फोन करत नाय म्हणाली होतीस. …आठवण आली? माझी? …वैष्णवी, कामाचं बोल.

…कसली गोळी? माझ्या कंबरेची? किती घ्यायची ते तुला कशाला पाहिजे? …तुझ्याजवळ हाय? म्हणजे फडताळातली पट्टी तू नेलीस, लागली तर असावी म्हणून? अगं, मी महिनाभर शेजारच्या झिपरूभाऊंकडं चोर समजून बघतेय! काल तर चहापण नाय विचारला.

…कुठली मैत्रीण? कुणाचा पाय दुखतो? नाव सांग. …अगं, नाव सांग ना. …नाय ना येत सांगता? मी सांगू? तो व्हिडिओ मी नऊ वेळा मागं नेऊन बघितला. कॅमेरा त्या दोघींच्या मागं, पण पार कोपऱ्यात तू सायकलवरून उतरत होतीस. उजवा पाय टेकवला नाय तू. बारा वर्षं द्राक्षाच्या घडातला आतला कुजका मणी शोधून काढते मी, माझ्यापासून पाय लपवतेस?

…कधी झालं? …सुटतानाच? पहिला जोर लावला तेव्हा. मांडीला. …आणि कोच मॅडमना नाय सांगितलं. …हो, हो… सांगितलं, की लगेच तुझ्या जागी राखी उतरणार. कळलं.

अगं ऐक ना… ऐक. गोळी घेतलीस का? …नाय? शपथ घे. …पट्टी कुठंय? …हातात. बंदी नाय तिच्यावर? कुणी सांगितलं? …कुणीतरी म्हणे! आपल्या बागायतदारांना पण औषधाच्या दुकानात असंच सांगितलं होतं, मारा बिनधास्त, मालात काही उतरत नाय. तपासणीत उतरलं की! फवारा एकाच्या बागेत, आणि परदेशातून कंटेनर परत आला सगळ्यांचा. तुमची लघवी तपासतात ना? …मग?

…हो, चार वर्षं मेहनत केलीस. मला नको सांगू चार वर्षं. हायवेला तुझ्या मागं स्कूटीचा दिवा धरून कोण यायचं? …रड, पण ऐक. गोळीनं दुखणं दबेल. मांडी तिथंच राहील. सुटतानाच गेली, तर त्या दोघी कुणाच्या मागं पळणार? …बोल ना. …त्यांची पण चार वर्षंच असतील, का कमी?

मॅडम कुठं हायेत? …समोरच? दे फोन. …नाय, मी नाय सांगत. दे.

नमस्कार उज्ज्वलामॅडम, वैष्णवीची आई बोलते. …हो, बघितलं, छान चालवली. …नाही, नाही, तक्रार काही नाही. तिला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी नुसती फोनवर थांबते. …हो, चालूच राहू द्या.

बोल गं. …मोठ्यानं. …पायाचं झालं. आता हातातलं पण दाखव. …हं.

…हो मॅडम, ऐकलं मी. राखी उतरणार. …बरोबरच आहे तुमचं. जरा तिच्या पाठीवर हात ठेवा, माझा इथून पोचत नाही. …ठेवला?

आणि मॅडम, एक विचारू का? त्या राखीला चालायला लावून बघितलं? …नाही, तुमच्यासमोर. पाच-सहा पावलं. …अहो, संशय नाही, नुसतं बघून घ्या. व्हिडिओ कॉल लावता का, मीच बघते… हॅलो? …मॅडम? …हॅलो?