दुसरं वाक्य

ताई : नुसत्या उभ्या रेघा काय ओढताय, काका? पेन बघताय की कुंपण घालताय?

काका : नाही... म्हटलं, उगाच तुमची शाई वाया जाईल.

ताई : वाया जायलाच ठेवलीय ती. आणि ही वहीसुद्धा. सासऱ्यांनी हे दुकान काढलं तेव्हापासूनची पद्धत आहे. पेन घ्यायचं तर आधी वहीत एक अख्खं वाक्य लिहून बघायचं. रेघेला सगळीच पेनं बरी असतात. वाक्यात कळतं कोण कुठे अडतं ते.

काका : वाक्य म्हणजे... कुठलं?

ताई : मनात असेल ते. काही लोक नाव लिहितात, काही किराण्याची यादी. मागे एका बाईंनी नवऱ्याचं नाव लिहिलं आणि त्यावर सणसणीत काट मारली. म्हणाल्या, काट छान बसते, हेच द्या.

काका : मला तर स्वतःचं नाव लिहायचीही सवय नाही हो. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. लाल पेन आणि दुसऱ्याचं लिखाण. माझं अक्षर कायम समासात.

ताई : मग आज या की मधे. हे घ्या. तपकिरी आहे, फार कोणी बघत नाही त्याच्याकडे. पण निब बारीक आणि गुणाची. दाबू नका हं. हात कागदावर विसरून जा.

काका : असं? ... अरेच्चा.

ताई : काय झालं?

काका : काही नाही. हे... ओढावं लागत नाही.

ताई : ओढायचं नसतंच. आपण निघालो की ते येतं.

काका : आणि आवाज. ऐकलात? खरखर नाही, पण मुकंही नाही. कोणी पलीकडून हं, हं म्हणत असल्यासारखं. मघाचं ते काळं मोठं पेन होतं ना, ते हातात घेतल्यावर मी त्याचा नोकर वाटत होतो. हे तसं नाही. आणि शाई बघा, ओली आहे तोवर काळी, वाळली की निळी. थांबा, अजून एक ओळ लिहितो. चालेल ना?

ताई : पानभर लिहा. मघाशी दारात तीनदा घुटमळलात, वाटलं पत्ता विचारायला आलात.

काका : परत जाणारच होतो. लेक म्हणाली म्हणून आलो. म्हणाली, बाबा, एक तरी वस्तू स्वतःसाठी चांगली घ्या. मी म्हटलं, आता ह्या वयात पेन घेऊन लिहू काय? दुधाचे खाडे?

ताई : आधी लिहायचात का काही?

काका : छे. म्हणजे... एक कादंबरी होती. कादंबरी म्हणावं की नाही कोण जाणे. रात्रपाळी नसली की संध्याकाळी बसायचो. अकरा वर्षं लागली. तपासून झालेल्या प्रुफांचे पाठकोरे कागद असायचे ना, त्यांवर. चारशे बारा पानं झाली.

ताई : चारशे बारा! आणि म्हणे दुधाचे खाडे. मग छापली का नाही?

काका : तेवढी चांगली नव्हती. आमचे एक सर आहेत, प्राध्यापक. मोठे समीक्षक. त्यांच्या सगळ्या पुस्तकांची प्रुफं मीच बघितली. चाळीस वर्षांचा स्नेह आहे, तर भीत भीत त्यांना वाचायला दिली. त्यांनी सहा महिने ठेवली. मग म्हणाले, प्रामाणिक आहे, पण घरात ठेवण्यासारखी आहे, बाहेर काढण्यासारखी नाही.

ताई : आणि तुम्ही ऐकलंत?

काका : त्यांना कळतं ना त्यातलं. मी म्हटलं, मग राहू द्या तुमच्याकडेच, टाकून द्या. झाली त्याला तीन वर्षं.

ताई : तुमची एकच प्रत?

काका : माझ्या अक्षरातली. नक्कल कोण करणार चारशे पानांची? जाऊ द्या. ह्या वहीतलं मागचं बघितलं तर चालेल? लोकांची अक्षरं बघायची खोड आहे मला.

ताई : बघा की. आम्ही पान कधी फाडत नाही. वही भरली की आत कपाटात. तीसेक झाल्यात.

काका : हे कुणी डॉक्टर असणार, वाचताच येत नाही. हे शाळेतल्या बाईंचं. आणि हे... हे आमच्या सरांचं अक्षर! त्यांचा 'ल' मी अंधारात ओळखीन. सर आले होते इथे?

ताई : उंच, सोनेरी काड्यांचा चष्मा? तेच का ते? अहो, आज यायचेत ते निब न्यायला. जाड निब हवी म्हणाले, तिरकी घासून. रविवारी सह्याच सह्या करायच्यात, हात दुखायला नको. साडेअकराचं सांगितलंय, येतीलच. चहा मागवू का दोघांना? ... काका? काय झालं? बसा बघू आधी.

काका : हे वाक्य त्यांनी लिहिलं? तुमच्यासमोर?

ताई : तीन निबांनी तीनदा. बघू. 'माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच पत्र लिहिलं, आणि तेही परत आलं.' हां, आणि खाली सह्या. मी म्हटलं, सर, छान आहे हो वाक्य, कुणाचं? तर हसले. म्हणाले, माझ्या कादंबरीची सुरुवात. रविवारी प्रकाशन आहे. का हो?

काका : हे माझं आहे.

ताई : काय?

काका : पहिलं पान, पहिली ओळ. माझे वडील गोदीत हमाल होते. लिहायला ते फार उशिरा शिकले. मी शिकवलं. ... नाही, थांबा. असं कसं होईल? माझाच काही घोळ होत असेल. सरांचं कुठेतरी वाचून माझ्या डोक्यात राहिलं असेल. प्रुफं वाचणाऱ्याचं होतं असं. कुठलं कुणाचं कळेनासं होतं.

ताई : आणि वडील? ते पण सरांच्या पुस्तकातून आले का?

काका : सरांचे वडील वकील होते. रोज दहा पत्रं टाकायचे टपालात. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात आहे तसं, मीच तपासलंय.

ताई : मग झालं तर! हे बघा, आता ते येतील. तुम्ही बोलायचं.

काका : मी आतल्या खोलीत बसू का, ते जाईपर्यंत?

ताई : काका! चोरी त्यांची आणि लपायचं तुम्ही?

(दारावरची घंटा वाजते.)

सर : झालं का बाई आमचं काम? अरे! अनुस्वार! तू इथे? अहो बाई, ह्याला आम्ही अनुस्वार म्हणतो. असतो सगळीकडे, पण दिसत नाही. नसला की मात्र घोटाळा. काय रे, पेन घेतोस? तुला काय करायचंय पेन?

काका : बघत होतो नुसता.

ताई : निब तयार आहे, सर. हे घ्या. वहीत लिहून बघा.

सर : वा. वा! लोण्यासारखी चालते. ही सही बघा, कशी डौलात आली. बाई, हात आहे तुमचा.

काका : सर, सही नको. वाक्य लिहा ना. मागच्या वेळी लिहिलंत ते.

सर : कुठलं?

काका : ह्या पानावरचं. तीनदा लिहिलंय तुम्ही. आता त्याच्या पुढचं लिहा.

सर : पुढचं?

काका : दुसरं वाक्य. कादंबरी तुमची आहे ना.

सर : असं काय मध्येच... पुढे त्या गोदीचं वर्णन आहे.

काका : वर्णन चौथ्या पानावर आहे.

सर : हे बघ, इथे नको. संध्याकाळी घरी ये, सविस्तर बोलू.

काका : दुसरं वाक्य आहे, 'पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं, आणि वडिलांना सांगू नका असं मीच त्याला सांगितलं.' बारा वर्षांचा होतो मी, सर. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. जाण्याआधी तिने ते त्या कागदांतच वाचलं.

सर : अरे, पण तूच म्हणाला होतास, टाकून द्या. मी टाकलं नाही, एवढाच माझा गुन्हा. दोन वर्षं घालवली मी त्यावर. मधला भाग केवढा विस्कळीत होता! आणि खरं सांग, तुझ्या नावावर कोणी छापली असती ती? वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुला कोण ओळखतं? निदान वाचतील तरी लोक. मनोगतात तुझे आभार मानलेत मी. स्वतंत्र परिच्छेद आहे.

काका : कशाबद्दल?

सर : आजवरच्या... मुद्रितशोधनाबद्दल.

काका : ह्या पुस्तकाची प्रुफं तर आली नाहीत माझ्याकडे.

सर : तुझे डोळे आता थकलेत. म्हटलं, कशाला त्रास द्या.

काका : दोन महिने वाट बघितली मी. कळलं होतं की तुमचं काहीतरी छापायला गेलंय. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात. मागच्या पुस्तकात पान एकशे अकरावर एक ओळ दोनदा पडली होती, ती माझ्या नजरेतून सुटली. त्यामुळेच असेल म्हटलं. लाजेने रस्त्यात तुम्हाला टाळत होतो हो मी. मी तुम्हाला टाळत होतो!

सर : अरे, वेडा आहेस का तू...

काका : माझे कागद परत द्या.

सर : कागद?

काका : तुमच्याच जुन्या पुस्तकांच्या प्रुफांच्या पाठीवर होते. ओळखू येतील.

सर : ते... घराला रंग दिला तेव्हा बरंच काही रद्दीत गेलं. पाठकोरे कागद कोण सांभाळतं, अनुस्वारा?

ताई : सर, रंग देताना बरं नेमकं एवढंच गेलं.

सर : बाई, तुम्ही पेन विका. हा आमच्या दोघांतला प्रश्न आहे. हे बघ, मी काही परका नाही. ह्या आवृत्तीचं होऊ दे, पुढच्या वेळी काहीतरी करू. आणि रविवारी ये. पुढची खुर्ची राखून ठेवतो तुझ्यासाठी. न येऊन शोभा करू नकोस, लोक विचारतात.

काका : तुम्ही वाचून दाखवणार आहात का रविवारी?

सर : पहिलं प्रकरण.

काका : मग पोस्टमनपाशी जरा थांबा. तिथे घाईने वाचायचं नाही. वडील आत खोकत असतात.

सर : ... येतो मी. बाई, पावती नको.

ताई : गेले एकदाचे. त्यांच्या कपाळाला घाम फुटला होता, बघितलंत? आधी कळलं असतं तर ती निब अशी घासून दिली असती की प्रत्येक सहीला कागद फाटला असता. पण काका, तुम्ही तसे कसे हो! नीट वाचा म्हणून सांगताय त्यांना? ओरडायचं तरी!

काका : चाळीस वर्षं त्यांच्या चुका समासात लिहून दिल्या, ताई. ओरडून चूक कशी दाखवायची ते मला येत नाही.

ताई : मग ही वही घेऊन जा. आजवर पान फाडलं नाही, आज अख्खी वही देते. त्यांच्या अक्षरात आहे, तारीख आहे.

काका : म्हणूनच तर ती त्यांची साक्ष देईल. वाक्य त्यांच्या अक्षरात, खाली सही त्यांची. माझं काय आहे त्यात? कुंपण.

ताई : लेकीला तरी सांगा. ती गप्प नाही बसायची.

काका : तिला सांगायचं म्हणजे तिने वाचलेलं हवं. तिला मी कधी दिलंच नाही वाचायला. चांगलं नाही, असं कळलं होतं ना.

ताई : आणि आता ते कागदही नाहीत.

काका : कागद नाहीत. मला पाठ आहे. अकरा वर्षं तीच तीच पानं खोडली-लिहिली. डोळे मिटले की पान कुठे संपतं तेही दिसतं.

ताई : मग लिहा की परत!

काका : आता लिहिलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने सरांची नक्कल केली.

ताई : म्हणतील खरं.

काका : म्हणतील. ... ते तपकिरी पेन कुठे ठेवलंत?

ताई : हे काय, तुमच्या हातातच आहे की. मघापासून सोडलंय कुठे तुम्ही?

काका : असं होय. घेतो मी हे.

ताई : खरंच? छान डबीत घालून देते. लेकीला दाखवायला बरं.

काका : डबी राहू द्या. शाई भरून द्या.

ताई : सोबत एक बाटली देते मग. हीच निळी-काळी.

काका : एका बाटलीत किती पानं होतात?

ताई : तुमचं अक्षर बारीक, निबही बारीक. दोनशे, फार तर सव्वादोनशे. वर्षभर बघायला नको.

काका : मग दोन द्या. चारशे बारा आहेत.