बाळासोंच्या तलवारीचा गंज

...तर कुणी सांगितलतं ह्याला गंज काढायला? तुम्हाला सांगतो, गडमुडशिंगीत बाळासोंच्या सोप्यात भिंतीवर ती तलवार, गंजून पार तांबडी-काळी, आणि बाळासो येईल त्या पावण्याला धरून सांगणार, "खापरपणजोबांची हाय. लढाईत चाललेली." कुठली लढाई? कुणाशी? ते विचारायचं न्हाय, चहा प्यायचा आणि मान डोलवायची...

आणि लेकीला, प्रियदर्शनीला, दुसऱ्या दिवशी कबनूरचं पावणं बघायला येणार, तेबी खानदानी, पोरगा तिला फोटोतच आवडलेला, तर तिचा भाऊ धैर्यशील, मोबाईलवर बघून इंजिनेर झालेला, म्हणतो तलवार चकचकीत करतो! अरं, कुणी सांगितलतं? पण न्हाय. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर, मायनस तलवारीला, प्लस नांगराच्या मोडक्या फाळाला, आणि बटण दाबून पिंपाशेजारी असा बसला, जशी म्हस व्यायला झालीया. बुडबुडं आलं, तांबडा फेस आला, आणि खोटं कशाला बोलू, गंज सुटला की! ब्रशनं घासली, आता बा पाठ थोपटतोय म्हणून छाती फुगली... आणि मुठीजवळ ठोकलेली अक्षरं वर आली. 'वीरभद्र नाट्य मंडळ. नग सात.'

बाळासोंनी वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं, आणि एवढंच म्हणालं, "गंज परत चढवायचं दाखवतंय का मोबाईलवर?"

मग काय, अक्षरं भिंतीकडं करून टांगली. पावणं आलं. नवऱ्या पोराचं आजोबा, आण्णा, फेटा बांधून ताठ बसलेलं, त्यांनी खापरपणजोबांचं पुराण निमूट ऐकून घेतलं, उठलं, आणि तलवार खाली काढली. फिरवली. वाचली. धैर्यशीलला वाटलं, संपलं, बहिणीचं लगीन आपल्या हातानं मोडलं, त्याच पिंपात तोंड घालावं. कुणी सांगितलतं, आं?

आण्णांनी तलवार होती तशी टांगली, अक्षरं भिंतीकडं. बाळासोंच्या कानाशी वाकलं, पण शेजारी उभ्या धैर्यशीलला ऐकू गेलंच.

"ढाल आमच्याकडं हाय. नग आठ. आमी पणजोबांची म्हणून सांगतोय... त्या ढालीला तेवढा तुमच्या पोराचा हात लागू देऊ नका."

सुपारी तिथंच फुटली. आता काय बोलायचं... तोडीस तोड खानदान मिळालं म्हणायचं आणि पेढा खायचा.