पुढच्या चौकटीत पट्टी नसते

मग तुम्हीच सांगा, ताई, विश्वास ठेवायचा कुणावर — ‘न्हाणीच्या दाराचा फटका बसला’ असं स्वतःच्या तोंडानं सांगून गेलेल्या तुमच्या भावावर, की ज्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही त्या कानाच्या डॉक्टरावर? नाही नाही, कागद खोटा आहे असं नाही म्हणत मी. बसा ना. त्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर नको, सुतळी बांधायची राहिलीय, घसरतील — हे स्टूल घ्या. अकिताहून ओसाका म्हणजे काय थोडा प्रवास झाला का — जवाचा गार चहा आहे, घोटभर घ्या. नको? बरं, इथं ठेवतो. माझी पोरगी, चिझुरू, कामावर गेलीय, सहाच्या आत काही येत नाही, तेव्हा मोकळेपणानं बोला. नाओफुमी आईजवळ पोचला, जेवतोखातो, हे ऐकून बरं वाटलं मला. जावई म्हणायचा फक्त, पोरासारखाच होता.

तुमच्या उत्तरेकडची माणसं मुळात गप्प — वाईट अर्थानं नाही हो म्हणत. आमच्याकडे काय आहे, एकानं वेड्यासारखं बोलायचं आणि दुसऱ्यानं टपली मारून त्याला जमिनीवर आणायचं, हा आमचा नमस्कारच. भाजीवाली मला मारते, मी न्हाव्याला मारतो. तर नाओफुमी पहिल्यांदा दुकानात आला, काहीतरी चुकीचं बोलला, चिझुरूनं त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला, आणि हा आपला खांबासारखा उभा. मी म्हटलं, “अहो पाहुणे, पडा की. मार खाणाऱ्यानं पडायचं असतं, नाहीतर मारणाऱ्याची फजिती होते.” तो लाजून हसला. मग शिकला हळूहळू — गुडघे कसे सोडायचे, चष्मा कसा उडवायचा — गिऱ्हाइकं पुस्तकं खाली ठेवून बघायची. कुणी शिकवलं म्हणता? मीच की. म्हणजे — गंमत म्हणून. गंमतच होती तेव्हा.

माझा धंदा बघा हा. चाळीस वर्षं जुन्या मांगा, चित्रकथांची ही पुस्तकं, घेतो आणि विकतो, शाळा म्हणाल तर नववीपर्यंत, बाकी सगळं या कपाटांनी शिकवलं. आलेल्या पुस्तकाची कड आम्ही पॉलिशपेपरनं घासतो, मळ जातो, पुस्तक नव्यासारखं दिसतं. पण घासण्याआधी कड बघितली ना, की वाचणाऱ्याचा अंगठा कुठं कुठं थांबला ते कळतं. प्रेमाच्या विनोदी मालिका घ्या — मुलगी मुलाला हाणते, तो छप्पर फोडून आभाळात जातो, लांब चांदणी होऊन चमकतो, आणि पुढच्या चौकटीत मांडी घालून भात खातोय. डोक्याला पट्टीसुद्धा नाही. ती पानं काळी पडलेली असतात, अंगठ्यानं. आणि शेवटचा भाग? कोरा करकरीत. कारण वाचकांची मतं घसरली की साप्ताहिकवाले म्हणतात, तीन आठवड्यांत गुंडाळा. मग काय, अकरा भाग ज्यांनी एकमेकांचं डोकं फोडलं त्यांचं तीन पानांत लग्न. एका पानावर ‘खरं म्हणजे मला तू पहिल्यापासून...’, दुसऱ्यावर पांढरा झगा, तिसऱ्यावर पाळणा. ते कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही. चिझुरूही नाही उघडायची. सहा वर्षांची असल्यापासून ती या दोन कपाटांच्या मधे बसून वाचायची, आणि मला वाटायचं, पोरगी हसतेय, म्हणजे सुखात आहे.

घाई? कुणाच्या लग्नात घाई केली आम्ही? फेब्रुवारीत भेटले, मेमध्ये वॉर्ड कचेरीत लग्नाचा कागद दिला, होतं असं. तुमच्या आईला यायला जमलं नाही, त्याचं वाईट वाटतं मला, पण मुलांची इच्छा — बरं, माझी इच्छा. साक्षीदार म्हणून सहीच्या जागी माझाच शिक्का आहे त्यावर. मीच म्हटलं, पावसाळा लागायच्या आत उरकून टाका. हातातलं माणूस सुटायच्या आत गाठ मारलेली बरी, आधीच्या त्या मास्तरासारखं व्हायला नको —

कोण मास्तर? कोण नाही. होता एक, साकाईकडचा, शाळेत शिकवायचा. जमत आलं होतं आणि मोडलं. भुवईला तीन टाके पडले होते त्याच्या. सायकलवरून पडला असं तो म्हणाला — अशा नजरेनं बघू नका, ताई. हो. माहीत होतं मला. तुमच्या भावाला सांगायला हवं होतं, तेही कळत होतं. रोज सकाळी शटर वर करताना ठरवायचो, आज सांगतो. पण हा इतका छान पडायचा हो. मला वाटलं, हा टिकेल.

थांबा ताई, दारात कुणी आलंय. नाही साहेब, आज खरेदी बंद आहे, त्या पेट्या उद्या आणा. हो, उद्या.

त्या दिवसाचं विचारता ना? आम्ही तिघं याच मागच्या खोलीत जेवत होतो. तो म्हणाला, नववर्षाला आईला भेटून येतो, तिचा गुडघा दुखतोय. एवढंच बोलला. चिझुरूनं कानशिलात दिली, उघड्या तळहातानं, वाटी हातातली खालीही न ठेवता. तो आडवा झाला. आणि मी — मी टाळी वाजवली. म्हटलं, वा, आजचं पडणं फर्स्टक्लास. तो उठेना. चिझुरूचा हात तसाच वर. ती त्याच्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतोय, आणि आम्ही दोघं बापलेक वाट बघतोय, की आता हा उठेल, चष्मा पुसेल, भात मागेल. कानातून रक्ताचा बारीक ओघळ आला तेव्हा कुठं ती किंचाळली. मला अजून समजत नाही, इतका वेळ आम्ही कशाची वाट बघत होतो.

घटस्फोटाच्या कागदावर ती शिक्का मारायची नाही, ताई, मी तिला ओळखतो. म्हणते, माझं प्रेम आहे. आहेही, तेच तर वाईट आहे. तेव्हा तुमचं हे कुटुंब न्यायालयातच जाणार, आणि तिथं तुम्हाला माझं लिहून दिलेलं हवंय. दिलं तर माझी मुलगी पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकायची नाही. एकच आहे मला. आणि नाही दिलं तर — कुणीतरी तिसरा येईल, मी त्यालाही पडायला शिकवीन.

काढा वही. तुम्ही लिहा, मी शिक्का मारतो. माझ्या डोळ्यांदेखत चार वेळा, लग्नानंतर. एकदा जिन्यात, दोनदा दुकानात, एकदा जेवताना. धपाटे धरू नका — धरायचे? बरं, धरा. त्या दिवशी टॅक्सी तिनं बोलावली, इस्पितळात त्याचे बूट छातीशी धरून बसली होती, तेही लिहा. मास्तरचंही लिहा. भावाच्या मायेपोटी एक वाढवू नका आणि या म्हाताऱ्याकडे बघून एक गाळू नका. आणि मी किती वेळा हसलो त्याची ओळ वेगळी ठेवा, तिच्या खात्यात नको, माझ्या नावावर — तिथं मी कमी सांगायला लागलो तर मला थांबवा, आणि भावाला विचारून खरा आकडा लिहा.