पापनाशमचा दुभाषी

खोटं वाटेल, पण एका वाक्याचं एवढं लांब भाषांतर अख्ख्या तंजावरात कुणी केलं नसेल. कालव्याच्या पाण्याची मागणी परदेशातल्या परिषदेत मांडायची, म्हणून पुण्याच्या संस्थेच्या बाई पापनाशमला आल्या होत्या. इथल्या आमच्या संस्थेकडून दुभाषी मी. एक शेतकरी तमिळमध्ये म्हणाला, "शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही." मी मराठीत दहा मिनिटं बोललो. त्यात त्याच्या म्हशीचा रुसवासुद्धा आला.

बाईंनी वही मिटली. "अहो, ते एकच वाक्य बोलले ना?"

"पाण्याचं त्यांचं, बाई. बाकीचं माझं. आई गेल्यापासून घरात मराठीत उत्तर देणारं कुणी नाही."

बाई वही पुन्हा उघडून म्हणाल्या, "त्यांना अजून एक प्रश्न विचारा."