साताऱ्यात मी पुण्याची झाले

मी विट्याची आहे, हे मी आयुष्यात एकदाच लपवलं. तेही साताऱ्यात. हॉस्टेलवर आदल्या दिवशी ओळख झालेली सेल्वी बरोबर होती. आमचं पक्कं ठरलं होतं, रिक्षा करायची नाही, कुठं टेकायचं नाही, अजिंक्यतारा दुपारच्या आत पायीच चढायचा. मी तिला बजावलंही होतं, "इकडं गावाचं नाव सांगितलं की ओळख निघते आणि ओळख निघाली की जेवल्याशिवाय सोडत नाहीत. बोलायचं काम माझ्यावर सोड."

किल्ल्याच्या वाटेवर दारात शेंगा फोडत बसलेल्या आजींनी हटकलंच. "कुठल्या गं पोरींनो?"

"मी पुण्याची, आजी," मी चालता चालताच म्हटलं.

"आन ही?"

तिचं गाव सांगायला कसली भीती? "ही लांबची. तमिळनाडूतल्या सेलमची."

आजी शेंगा टाकून उठल्याच. "सेलमची? आगं, माझा थोरला तितंच सोनं गाळतोय, गलाईचं दुकान हाय त्येचं! लेकाच्या गावची पोर माझ्या दारावरनं उपाशी जाईल व्हय?"

पाचव्या मिनिटाला सेल्वी पाटावर. एका हातात फोन, त्यावर आजींच्या लेकाशी तमिळमध्ये गप्पा, आणि ताटात गरम भाकरी न् झुणका. भूक मलाही लय लागली होती. विटा अगदी ओठावर आलं होतं, पण एकदा ठरवलं ते ठरवलं. मी पुण्याचीच राहिले.

तेवढ्यात आजी सुनेला म्हणाल्या, "आन ही पुण्याची हाय. हिला अर्धा कप च्या दे, तिकडं तेवढाच पित्यात."