अण्णांची गाडी घाट चढली का?

मंडळी, बसलात ना नीट? मग एक सांगा — नव्या वस्तूला माणूस 'नको' म्हणतो, ते तिची परीक्षा घेऊन, की न घेताच? विठोबासमोर बसलाय, खरं सांगा!

पाचगणीजवळच्या एका गावात हेमलता भिलारे नावाची शिक्षिका. सासरे अण्णा, त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा साताऱ्याला डायलिसिस! घरची जुनी जीप पेट्रोल पिऊन पिऊन थकली — आणि अण्णा एक दिवस म्हणाले, "पोरी, आता मी येत नाही. माझ्यापायी घर पोखरतंय."

ऐकलंत? उपचार आहे, डॉक्टर आहे — पण रस्त्याच्या खर्चानं म्हातारा मरण पत्करतोय!

हेमलतानं काय केलं? रडली? छे! चौकशी केली. जीप विकून जुनी, वापरलेली इलेक्ट्रिक गाडी आणली. घरीच प्लग लावायचा. नवरा संपत म्हणाला, "घाटात बंद पडली तर ढकलायला मी येणार नाही हां!"

पण साताऱ्याच्या वाटेवर पसरणी घाट उतरताना गंमत झाली. अण्णा ओरडले, "अगं, चार्ज वाढतोय की! ही उतारावर कमावते काय?" हो मंडळी, ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत जाते! म्हातारा लहान मुलासारखा आकड्याकडे बघत बसला.

आता वाटेल, झालं सगळं गोड. थांबा! परतीसाठी गाडी साताऱ्यात चार्ज व्हायची, आणि एके दिवशी तिथलं चार्जिंग स्टेशनच बंद. परत वाईत येईपर्यंत चार्ज अगदी तळाला. वर अख्खा घाट! आणि डायलिसिस करून अण्णा गळून गेलेले.

हेमलता एका पिठाच्या गिरणीसमोर थांबली. मालकीण हमीदाभाभी.

"भाभी, गाडीला वीज मिळेल? बिल देते."

भाभी बघतच राहिली. "गिरणीत गाडी दळायला आणलीस व्हय?" पण म्हाताऱ्याकडे बघितलं आणि तिनं खाट टाकली, चहा ठेवला, प्लग मोकळा करून दिला.

दोन-तीन तास गेले. फोनवर कळलं, तसा संपत शेजाऱ्याची जीप घेऊन धावत आला. "चला अण्णा! सांगितलं होतं ना मी?"

अण्णा खाटेवरून उठले. "जीप तू ने. मी सुनेच्या गाडीत बसणार. तिनं माझं जगणं परवडेल असं केलं, रे."

निघाली गाडी! वळणामागून वळण — आकडा घसरतोय! मागून संपत जीपमध्ये! आणि घाटमाथ्यावरचं टेबललँडचं पठार दिसलं, तेव्हा चार्ज अजून शिल्लक होता. अण्णांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

संपतनं दुसऱ्या दिवशी काय केलं? सगळ्या रस्त्यावर कुठे कुठे प्लग मिळतो, ते स्वतः विचारत फिरला!

मंडळी, मी गाडी विकायला उभा नाही! रोज लांब पल्ल्याला जात असाल, घरी प्लग लावायला जागा नसेल, तर बिनधास्त 'नको' म्हणा. पण आधी एवढं तपासा — तुम्ही रोज जाता तरी किती लांब? आणि आज घरी गेलात की बघा, तुमचा खर्च वाचावा म्हणून घरात कुणी आपलं दुखणं गिळत तर बसलं नाही ना? त्याच्याजवळ जरा बसा. बोला, विठ्ठल विठ्ठल!